एडफूच्या देवळात नैवेद्य कुठे शिजायचा?

पैलतीर
रविवार, रात्री १०.४०

फेब्रुवारीत आईला घेऊन इजिप्तला जाऊन आले. आईचं वय ७४, माहेर पंढरपूरचं. पिरॅमिड, कैरोचं संग्रहालय, राजांची दरी यांवर इथे आधी भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून ते सोडते. मला लिहायचंय ते फक्त एडफूच्या एका सकाळबद्दल. देऊळ कसं बघायचं ते त्या सकाळी मला आईनं शिकवलं.

लक्सर ते आस्वान हा नाईलचा प्रवास बोटीनं केला की मधे एडफू लागतं. बोट पहाटे धक्क्याला लागते, तिथून घोडागाडीनं किंवा टुकटुकनं देवळात. इथला देव होरस, ससाण्याच्या रूपातला. देऊळ बांधायला सुरुवात झाली इ.स.पू. २३७ मध्ये, तिसऱ्या टॉलेमीच्या काळात, आणि दारं बसवून काम पूर्ण झालं इ.स.पू. ५७ मध्ये, बाराव्या टॉलेमीच्या काळात. म्हणजे १८० वर्षं काम चालू होतं. इजिप्तमधल्या जुन्या देवळांत सगळ्यात धड राहिलेलं मोठं देऊळ हेच. भिंती उभ्या, छप्पर जागेवर, जिनेसुद्धा शाबूत. कारण पुढे ते वाळूत आणि गाळात बुडालं आणि वर गावाची घरं उभी राहिली. १८६० च्या दशकात ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञानं ती घरं हलवून, माती उपसून देऊळ मोकळं केलं.

समोरून पहिलं दर्शन होतं ते महाद्वाराच्या दोन बुरुजांचं. उंची ३६ मीटर. त्यावर राजा शत्रूंचे केस मुठीत धरून त्यांना मारतोय असं भलंमोठं चित्र कोरलेलं. आमचे गाईड सगळी माहिती व्यवस्थित सांगत होते, राजे, साल, लांबी, रुंदी. मी ऐकत होते, फोटो काढत होते. आई गप्प होती. आत अंगणात आलो. तीन बाजूंनी ३२ खांबांची ओवरी आणि समोर मंडपाच्या दाराशी मुकुट घातलेला काळा दगडी ससाणा. तिथे आईनं मला विचारलं, "ह्या देवाला नैवेद्य काय असायचा? आणि तो शिजायचा कुठे?"

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. गाईड बोलायचे थांबले. मग त्यांनी आईला उलट विचारलं, "तुमच्याकडे अजून शिजतो का?" आई म्हणाली, रोज. काकडा, नित्यपूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती, शेजारती, सगळं वेळेवर. त्यांनी मला एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, चला, आता मी तुम्हाला हे देऊळ पुजाऱ्याच्या वाटेनं दाखवतो.

मुदपाकखाना, भट्ट्या, मद्य तयार करायच्या जागा या मुख्य दगडी देवळात नसायच्या. त्या भोवतालच्या आवारात, कच्च्या विटांच्या इमारतींत. तिथून पाव, मांस, भाज्या, फळं, मद्य, दूध आत यायचं. दुसऱ्या मंडपाला बाजूची दारं आहेत, ती यासाठीच. पाणी यायचं पूर्वेकडच्या विहिरीतून. तिला पायऱ्या आहेत आणि नाईलला पूर किती आलाय हेही तिच्यात मोजायचे. देवापुढे ताटं मांडली जायची, देवानं "घेतली" की परत फिरायची आणि पुजारी व सेवेकरी यांच्यात वाटली जायची. आईनं एवढंच विचारलं, "म्हणजे प्रसादच ना?" मी गाईडना तो शब्द शिकवला.

मग आम्ही आत आत जात राहिलो आणि मला पहिल्यांदा कळलं की हे देऊळ पायांनी समजतं. पहिला मंडप १८ खांबांचा, उंच, थोडा उजेड. दुसरा १२ खांबांचा, छप्पर जरा खाली, उजेड आणखी कमी. प्रत्येक दाराशी जमीन थोडी चढते, छप्पर थोडं उतरतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत छतातल्या एखाद्या झरोक्यातून उतरणारी प्रकाशाची एकच तिरीप. गाभाऱ्याशी पोचेपर्यंत आपण आपोआप हळू बोलायला लागतो.

गाभाऱ्यात एकाच काळ्या दगडातून घडवलेला देव्हारा आहे, सुमारे चार मीटर उंच, घासून आरशासारखा केलेला. तो या देवळाहूनही जुना, दुसऱ्या नेक्तानेबो राजाच्या काळातला, म्हणजे अलेक्झांडर इजिप्तमध्ये येण्याच्याही आधीचा. नवं देऊळ बांधलं तेव्हा जुन्या देवळातला देव्हारा तसाच ठेवला. मूर्ती आता नाही. या देव्हाऱ्याच्या दाराचं सील रोज पहाटे मोडायचे. देवाला उठवायचं गाणं म्हणायचे, देवाला जागं करून मग त्याच्या एकेका अवयवाला जागं करायचे. एडफूच्या भिंतीवर ते कोरलेलंच आहे. आई म्हणाली, "भूपाळी." मग अभ्यंग, सुगंधी तेलं, ताजी वस्त्रं, नैवेद्य, धूप. बाहेर पडताना शेवटचा पुजारी आपल्याच पावलांचे ठसे झाडून काढत उलटा बाहेर यायचा आणि दार पुन्हा बंद.

गर्दी होती. एकेक गट यायचा, देव्हाऱ्यासमोर उभं राहून फोटो काढायचा, निघून जायचा. आई बाजूला दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली. तिनं मला खाली वाकून बघायला सांगितलं. उंबऱ्याच्या कोपऱ्यात दगडात एक गोल खळगा होता, वाटीएवढा, आतून गुळगुळीत झिजलेला. "इथे दाराचा खुंट बसायचा. आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याला असाच होता. रोज उघडल्याशिवाय दगड असा झिजत नाही." मी त्या खळग्यात बोट फिरवलं. त्या देवळात मी शेकडो चित्रं पाहिली असतील, पण एडफू म्हटलं की मला आधी तो खळगा आठवतो.

जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. राजांची नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. दारं बघा, जिने बघा, पाणी कुठून यायचं, अंधार कुठे सुरू होतो ते बघा. चालतं देऊळ म्हणून बघा.

---

निवांत_दुपार
रविवार, रात्री ११.१५

वाचनखूण साठवली. त्या खळग्यापाशी थांबले आणि परत वाचलं. काकूंना नमस्कार सांगा.

---

शब्दवेल
सोमवार, सकाळी ७.५०

सुरेख लिहिलंय. मी २०१९ मध्ये गेले होते. एडफूला जाऊन आले, पण तुमच्या आईंसारखं बघितलं नाही याची आता हळहळ वाटतेय.

एक भर घालते. दुसऱ्या मंडपाच्या बाजूला एक छोटी खोली आहे, तिला सगळे "प्रयोगशाळा" म्हणतात. तिच्या भिंतींवर देवाच्या अत्तरांच्या आणि उटण्यांच्या कृती कोरल्यात. काय घ्यायचं, किती घ्यायचं, किती दिवस ठेवायचं. दार अगदी साधं आहे, गाईडनं दाखवलं नाही तर माणूस सरळ पुढे जातो. पहिल्या मंडपात दाराच्या दोन बाजूंना आणखी दोन कोठड्या आहेत. एक पोथ्यांची, भिंतीवर पोथ्यांची यादीच कोरलेली, आणि एक पुजाऱ्यांनी सोवळं नेसायची. "सोवळं" हा माझा शब्द, पण तिथे शुद्ध होऊनच पुढे जायचे. डोकं भादरलेलं, अंगावर तागाचं वस्त्र, लोकर चालायची नाही.

आणि पैलतीर, होरस-हथोरची भेट कशी काय राहिली? मला तर एडफूत सगळ्यात तीच आवडली.

---

पैलतीर
सोमवार, सकाळी ९.०५

@शब्दवेल, लांबेल म्हणून आवरतं घेतलं होतं. तुम्ही विषय काढलाच आहे तर लिहिते.

डेंडेराच्या देवळातली हथोर देवी वर्षातून एकदा उन्हाळ्यात नावेत बसून नाईलमधून एडफूला यायची, होरसाच्या भेटीला. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आणि तेही प्रवाहाच्या उलट. वाटेतल्या गावांचे देव तिला भेटायचे, लोक काठावर जमायचे. ती अमावस्येला पोचायची आणि पौर्णिमेपर्यंत राहायची. महाद्वाराच्या आतल्या अंगाला, अंगणातून मागे वळून बघितलं की खालच्या पट्टीत या नावा कोरलेल्या दिसतात. बहुतेक लोक अंगणात शिरून सरळ पुढे बघतात आणि ते सगळं पाठीमागे राहून जातं. आई तिथे बराच वेळ उभी होती. लहानपणी तिच्या घरी वारकरी उतरायचे, पालखी येणार म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको.

---

खडूफळा
सोमवार, दुपारी १.३०

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे काळाचा थोडा हिशेब मांडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो.

"प्राचीन इजिप्त" म्हटलं की सगळं एकाच काळातलं वाटतं. खुफूचा पिरॅमिड साधारण इ.स.पू. २५६० चा. एडफूचा पहिला दगड बसला तेव्हा तो पिरॅमिड २३०० वर्षांचा होता. आज आपण एडफूपासून जेवढे लांब आहोत, जवळजवळ तेवढेच एडफूचे गवंडी पिरॅमिडपासून लांब होते. आपल्याकडे याच सुमारास भाज्याची लेणी कोरली जात होती आणि अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या चैत्यगृहांची सुरुवात होत होती.

बांधणारे राजे मूळचे इजिप्तचे नव्हते. टॉलेमी हे अलेक्झांडरच्या सेनापतीचं घराणं, बोलायचे ग्रीक. ज्या क्लिओपात्राचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ती देऊळ पूर्ण करणाऱ्या बाराव्या टॉलेमीची मुलगी. परक्या राजांना इथल्या पुजाऱ्यांची मान्यता हवी होती आणि पुजाऱ्यांना देऊळ. म्हणून भिंतीवर प्रत्येक पूजेत राजाच उभा दिसतो. प्रत्यक्षात रोजची पूजा पुजारी त्याच्या नावानं करायचे. तेही पाळीपाळीनं. सेवेकऱ्यांचे चार गट असायचे, एकेका महिन्याची पाळी. इ.स.पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या वेळी पाचवा गट वाढवला. गुरवांच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात नवल वाटणार नाही.

काम १८० वर्षं लांबलं त्याचं एक कारण म्हणजे मधे दक्षिणेत या राजांविरुद्ध मोठं बंड झालं आणि जवळपास २० वर्षं काम बंद पडलं.

---

मुक्काम_पोस्ट
सोमवार, दुपारी ४.१०

लेख आवडला, तरी एक मतभेद नोंदवतो, राग नसावा.

भूपाळी, प्रसाद, सोवळं, पालखी असे आपले शब्द लावले की ते देऊळ आपल्याला लगेच जवळचं वाटतं, पण जे वेगळं आहे ते झाकलं जातं. पंढरपुरात कुणीही जाऊन पायांवर डोकं ठेवतो. एडफूला सामान्य माणूस अंगणाच्या पुढे जाऊ शकत नव्हता. देवाची मूर्ती त्याला जन्मात दिसायची नाही. उत्सवात देव नावेतून बाहेर आला तरी तो झाकलेल्या मखरात. देवळाच्या बाहेरच्या तटावर देवळाच्या मालकीच्या जमिनींची लांबलचक यादी कोरली आहे, कुठल्या गावात किती. ती एक मोठी सत्ता होती. शेतकरी ज्या देवळासाठी धान्य पिकवायचा त्याच्या गाभाऱ्याची त्याला फक्त भिंत माहीत होती. मी तिथे गेलो तेव्हा मला तोच अंधार जास्त जाणवला.

---

पैलतीर
सोमवार, रात्री ९.२०

राग कसला, हे लिहायलाच हवं होतं. भक्तीचा प्रकार वेगळा आहे हे मान्य. आईनंही तिथे विचारलं होतं, "मग बाकीचे लोक दर्शन कुठून घ्यायचे?" गाईडनी उत्तर दिलं की दर्शन नव्हतंच. लोक बाहेरच्या भिंतीवरच्या कोरलेल्या देवांपाशी, दारांपाशी नवस बोलायचे. हे ऐकून आई खिन्न झाली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

पण शब्दांबद्दल मी ठाम आहे. आईकडे तेच शब्द होते आणि त्या शब्दांमुळेच तिला पुढचे प्रश्न सुचले. "प्रसाद" म्हटलं म्हणून "मग बाकीच्यांना मिळायचा का" हा प्रश्न आला. वेगळेपणसुद्धा आम्हाला त्याच वाटेनं दिसलं.

जमिनींच्या यादीबद्दल आभार, ते आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

---

मुक्काम_पोस्ट
सोमवार, रात्री ९.४५

हे पटलं. "दर्शन नव्हतंच" हे वाक्य लक्षात राहील.

---

आनंदी_गोदा
मंगळवार, सकाळी ८.००

मूर्तींचे चेहरे, हात, पाय छिन्नीनं उडवलेले दिसतात, ते कुणी केलं? आणि छत इतकं काळं का? आमच्या गटातल्या एकांनी आग लागली होती असं सांगितलं.

---

शब्दवेल
मंगळवार, सकाळी ८.४०

चौथ्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राटांनी जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली. त्यानंतर ख्रिस्ती झालेल्या लोकांनी बऱ्याच देवळांत हे केलं. नीट बघितलं तर सगळं चित्र फोडलेलं नसतं. चेहरा, हात, पाय तेवढे टिपून टिपून उडवलेले असतात, वस्त्र आणि मुकुट तसेच. चित्रात जीव आहे ही श्रद्धा फोडणाऱ्यांचीही होतीच, म्हणून त्याचे डोळे आणि हातपाय काढून घेतले.

छताची काजळी बरीचशी चुलींची. नंतरच्या काळात लोक आत संसार करून राहिले. एडफूला आता इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञ मिळून भिंतींची सफाई करतायत आणि काजळीखाली रंग, काही ठिकाणी सोन्याच्या वर्खाचे कण सापडलेत. म्हणजे आपण जे तपकिरी दगडी देऊळ बघतो ते मुळात रंगीत होतं. रंग डोळ्यांनी बघायचे असतील तर एस्नाला थांबाच. लक्सरच्या दक्षिणेला आहे, बोट तिथल्याच बंधाऱ्यातून पुढे जाते. गावाच्या रस्त्यापासून नऊ मीटर खाली खड्ड्यात देऊळ आहे आणि साफ केलेलं छत निळं, पिवळं, लाल असं झळाळतं. डेंडेराचं छतही असंच धुऊन काढलंय. तिथे आकाशदेवी नूत संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते, ते छतभर रंगवलंय. मान दुखली तरी बघत राहावं असं.

---

चाकोरीबाहेर
मंगळवार, दुपारी १२.२०

आमचा अनुभव मात्र फार वाईट. ज्यांच्याबरोबर गेलो त्या टूरवाल्यांनी एडफूला येऊनजाऊन ४५ मिनिटं दिली. सगळ्या बोटी एकाच वेळी लागतात, त्यामुळे सकाळी आत नुसती चेंगराचेंगरी. गाभारा मी लोकांच्या डोक्यांवरून पाहिला. पैसे भरताना "एडफू दर्शन" असं छापलेलं होतं, वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. जाणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी किती वेळ मिळणार हे आधी लेखी मागून घ्या. तीन तास तरी हवेतच.

दुसरं घोडागाडीचं. आमच्या गाडीचा घोडा इतका रोडावलेला होता की मला बसवेना. बायको आणि मी उतरून टुकटुक केली. बोटीवर आदल्या रात्री सांगून ठेवलं तर वेगळी सोय होते.

---

दोन_घास
मंगळवार, दुपारी ३.००

नोव्हेंबरमध्ये सासूबाईंना घेऊन जायचा विचार आहे. त्यांचे गुडघे दुखतात आणि पूर्ण शाकाहारी आहेत. जमेल का?

---

पैलतीर
मंगळवार, रात्री १०.१०

@दोन_घास, जमेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते, पहाटे बोटीवर शालसुद्धा लागते. एडफूचं देऊळ एकाच पातळीवर आहे, दारादाराशी थोडा चढ आहे तेवढाच. गुडघ्यांना त्रास होईल तो अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली देवळं बघायच्या दिवशी, कारण आस्वानहून पहाटे चारच्या सुमाराला निघून जाताना तीन-साडेतीन तास आणि येताना तेवढेच गाडीत बसावं लागतं. घडीची काठी न्या. आईसाठी मी छोटं घडीचं स्टूलही नेलं होतं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. बसून बघणाऱ्याला उभ्यानं बघणाऱ्यापेक्षा खूप दिसतं.

शाकाहाराची अडचण आली नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचं झणझणीत आणि कुरकुरीत तळलेला कांदा. आईला ती इतकी आवडली की घरी आल्यावर दोनदा केली. फूल म्हणजे घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, ती सकाळी पावाबरोबर. तामिया म्हणजे त्याच दाण्यांचे वडे. सूप मात्र विचारून घ्या, दिसायला भाजीचं असलं तरी ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं.

तिकिटासाठी कार्ड जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत. मात्र बक्षीस द्यायला सुट्टे पौंड लागतात. रखवालदार खुणेनं कोपऱ्यात बोलावतात, काहीतरी दाखवतात आणि पैसे मागतात. नको असेल तर "ला, शुक्रन" म्हणून पुढे जायचं. आम्हाला एकानं जिना दाखवला, त्याला मी आनंदानं दिले. नव्या वर्षाच्या दिवशी देवाची मूर्ती जिन्यानं गच्चीवर नेऊन सूर्यप्रकाशात ठेवायचे. भिंतीवर पुजाऱ्यांची रांग कोरली आहे, आणि चढायच्या जिन्यात ते चढतायत, उतरायच्या जिन्यात उतरतायत.

---

सोपारे_बंदर
मंगळवार, रात्री ११.००

एडफूचा आपल्याशी खरा धागा आहे तो सांगतो.

एडफूहून पूर्वेला वाळवंटातून तांबड्या समुद्राकडे वाट जाते. टॉलेमींच्या काळात बेरेनिके बंदराकडे जाणारे तांडे या वाटेनं जायचे. पुढे रोमन काळात नाईलवरचं ठाणं बदललं, पण बंदर तेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पलीकडच्या टोकाची बंदरं आणि पेठा दिल्यात: भडोच, सोपारा, कल्याण आणि आतली पैठण, तेर. बेरेनिकेच्या उत्खननात तिथल्या देवळाच्या अंगणात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. अलीकडे तिथेच बुद्धाची संगमरवरी मूर्तीही मिळाली. इकडे कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे. त्या व्यापाराच्या दोन्ही टोकांच्या वस्तू आपण आजही बघू शकतो.

---

उजनीकाठ
बुधवार, सकाळी ६.३०

धागा सलग वाचला. मी इंदापूर तालुक्यातला. एडफू पाहिलं, पण माझ्या मनात घर करून बसलंय ते फिले.

फिले हे आयसिस देवीचं बेटावरचं देऊळ, आस्वानजवळ. १९०२ मध्ये आस्वानचं पहिलं धरण झालं आणि ते वर्षातले कितीतरी महिने पाण्यात बुडायला लागलं. लोक होडीतून खांबांमधून फिरायचे. पुढे उंच धरण आलं तेव्हा युनेस्कोनं हाक दिली. बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, देऊळ दगड दगड सुटं केलं, सुमारे ४० हजार तुकडे, प्रत्येकावर क्रमांक, आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर परत उभं केलं. १९८० मध्ये ते पुन्हा खुलं झालं. भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ अजून दिसते. याच देवळात इ.स. ३९४ च्या ऑगस्टमध्ये कोरलेला लेख हा त्या चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख. अबू सिंबेलचा डोंगरही असाच कापून १९६४ ते ६८ मध्ये सुमारे ६५ मीटर वर नेला.

मी त्या रेघेसमोर उभा राहिलो आणि मला पळसदेव दिसलं. १९८० च्याच सुमाराला उजनी भरलं आणि आमचं जुनं गाव आणि पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. ते कुणी हलवलं नाही. दुष्काळी साली पाणी उतरलं की शिखर वर येतं.

आणि आस्वानच्या धरणानं इजिप्तमधल्याच सुमारे ५० हजार नुबियन लोकांची गावं बुडाली. त्यांना उचलून कोम ओम्बोजवळ नवीन वसाहतींत नेऊन ठेवलं, नदीपासून दूर. आमचा नावाडी नुबियन होता. त्याला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमचंही गाव धरणात आहे. त्यानं होडीचं यंत्र बंद केलं आणि त्याच्या आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं. मग ते बोट दाखवून सांगितलं, कुठल्या दिशेला, किती खोल. आम्ही दहा मिनिटं तसेच पाण्यावर थांबलो. फिले बघायला जाल तेव्हा नावाड्याशी बोला. देऊळ वाचलं ते सगळे सांगतात, गावांबद्दल तोच सांगेल.

---

खडूफळा
बुधवार, सकाळी १०.१५

उजनीकाठ, हा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी.

---

बडोदेकर
बुधवार, दुपारी २.००

इजिप्तला जाणं होणार नाही अशांसाठी: बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांनी आणवलेली खरी ममी आहे, सयाजीबागेत. लहानपणी दर सुट्टीत बघायला जायचो. एडफूची माहिती वाचून आता नातीला घेऊन परत जाणार.

---

पैलतीर
बुधवार, रात्री ९.३०

सगळे प्रतिसाद आज आईला वाचून दाखवले. काळ्या मिरीचं तिला फार आवडलं. उजनीकाठ यांचं ऐकताना तिनं मला मधेच थांबवलं आणि प्रश्न विचारला, तो जसाच्या तसा देते: "पाणी उतरतं तेव्हा तिथे दिवा लावतात का?"

---

उजनीकाठ
गुरुवार, सकाळी ६.१०

काकूंना सांगा, लावतात. मागे पाणी बरंच खाली गेलं होतं तेव्हा आम्ही घरचे आठ जण होडीनं गेलो होतो. आत गुडघाभर गाळ होता, भिंतींना शिंपले चिकटलेले. थोरल्या चुलत्यांनी हातांनी उंबऱ्यापुरता गाळ बाजूला केला, दगड पाण्यानं धुतला आणि त्यावर पणती ठेवली. वारा फार होता, म्हणून आम्ही सगळे भोवती दाटीवाटीनं बसलो होतो.